दुसरा संडास

नळकाका भिंतीला कान लावून बसले की घर गप्प व्हायचं. बोटाएवढी जाड लोखंडी सळई, तिचं एक टोक भिंतीवर, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटलेले. घरमालकीण दारात श्वास रोखून उभी राहायची. पोरांना दटावलं जायचं, रेडिओ बंद व्हायचा. मग काका सळई वीतभर सरकवायचे, पुन्हा ऐकायचे आणि नखानं भिंतीवर एक रेघ ओढून म्हणायचे, इथं फोडा. तिथं फोडलं की आत पाईप घाम फुटल्यासारखा झिरपत असायचा.

भिंतींच्या आतल्या अंधारात पाणी सतत चालत असतं आणि त्याच्या शेजारी आपण जेवतो, भांडतो, झोपतो, हे बाकीच्यांच्या लक्षात राहत नाही. काकांच्या राहायचं. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता मध्येच थबकायचे आणि यजमानांना विचारायचे, वर कुणी आंघोळ करतंय का. एवढं ऐकू येणाऱ्या माणसाला समोरच्याचं बोलणं मात्र दोनदा सांगावं लागायचं. काकू म्हणायच्या, आधी कळलं असतं तर मी लग्नापासूनच तोंडासमोर पाईप धरून बोलले असते.

काकू म्हणजे त्यांची बायको. घरी बसून पडदे शिवायच्या. मांडीवर कापडाचा डोंगर, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधूनच बोलणं चालू. त्यांचं हसणं साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. आधी काही आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मग किटलीला वाफ धरावी तसा एक बारीक सूर निघायचा, आणि त्यानंतर जे सुटायचं ते जिन्यातून थेट तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे पोचायचं. आम्ही काय झालं ते न कळताच हसायला लागायचो.

ते तळमजल्यावर राहायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे आणखी एक खोली, जिला खोली म्हणायचं ते तिला दार होतं म्हणून. आत काकांचा खजिना होता. पाडलेल्या घरांतून आणलेले पितळी नळ, चिनी मातीच्या टाक्या, शिशाच्या नळ्यांची भेंडोळी, आटे झिजलेले नट, कुठल्याच टाकीला न बसणारी झाकणं. लागेल कधीतरी, असं काका म्हणायचे, आणि आणखी एक नळ ढिगावर ठेवायचे. घरात संडास एकच होता आणि त्याच्या फ्लशची साखळी ओढण्याची एक पद्धत होती: एकदा सावकाश ओढायची, थांबायचं, मग दोन झटके. पाहुण्यांना आधी शिकवावं लागे. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता म्हणता मुलगा मोठा होऊन लग्नाचा झाला, सून आली, तीही साखळी शिकली.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत काकूंच्या आतड्याला भोक पडलं.

ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण नंतर ताप आला, आणि तो जाईना. एक औषध चालेना म्हणून दुसरं, दुसरं चालेना म्हणून त्याहून जबर तिसरं, अशा बाटल्या त्यांच्या डोक्याशी टांगल्या जात होत्या. काका बाहेर बाकावर बसून राहायचे. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून इस्पितळाच्या भिंती ऐकायचे. वरच्या मजल्यावर एक कॉक ठोके देत होता. कुणीतरी तो घट्ट करायला हवा, असं त्यांनी एका वॉर्डबॉयला सांगितलं. वॉर्डबॉय हो म्हणाला आणि गेला. मग काकाच एकदा खिशातला पाना घेऊन वर जाऊन आले. त्यानंतर ठोके थांबले, आणि योगायोगानं दुसऱ्या दिवशी काकूंचा तापही उतरला. काका या दोन गोष्टींचा संबंध जोडत नसत, पण सांगताना एकापाठोपाठ एक सांगत.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. जखम भरलीय म्हणाल्या, ताप गेलाय, आता घरी जा. एकच गोष्ट आहे. तपासणीत तुमच्या आतड्यात काही जंतू सापडलेत. जवळपास कुठल्याच औषधाला ते दाद देत नाहीत. आत्ता ते तुम्हाला काही करत नाहीयेत, नुसते राहतायत. आपल्या पोटात चांगल्या जंतूंची एक जुनी वस्ती असते. इतक्या जबर औषधांनी ती उठली, आणि मोकळ्या जागेत हे येऊन बसले. जुनी वस्ती हळूहळू परत भरली की हे बहुधा आपोआप हटतात. काही महिने लागतात, कधी वर्ष. त्यांना मारायला औषध घ्यायचं नाही, उलट गरज नसताना औषध घेतलंत तर त्यांचंच फावेल. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी हात साबणानं नीट धुवायचे. जमलं तर संडास वेगळा वापरा, नाही जमलं तर स्वच्छ ठेवा. पुन्हा कधी इस्पितळात जायची वेळ आली तर हे आधी सांगा. बाकी नेहमीसारखं राहा, खा, प्या, माणसांत बसा.

काकांनी एरवी यातलं अर्धंही ऐकलं नसतं. पण त्यांच्या दृष्टीनं हे सगळं नळ्यांबद्दल होतं, त्यामुळे शब्द न शब्द त्यांच्या डोक्यात बसला. काकूंनी मात्र 'कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत' इथपर्यंत ऐकलं आणि पुढे त्यांच्या कानांनी काम थांबवलं.

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी चालकाला बहिणीचा पत्ता सांगितला.

"घर इकडे आहे," काका म्हणाले.

"धाकटीकडे जायचंय."

"का गं?"

"तिच्याकडे दोन आहेत."

दोन काय, हे काकांना कळायला एक अख्खा चौक जावा लागला. सुनेचे दिवस भरत आले होते. बाळ त्याच घरात येणार होतं, आणि त्या घरात साखळी एकच होती.

धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिचे यजमान दातांचे डॉक्टर होते, ते वारले तेव्हा मागे एक मोठं घर आणि दोन चकचकीत न्हाणीघरं ठेवून गेले. जीभ तिची आधीपासूनच तिखट, आणि मेहुण्याच्या बाबतीत ती तिला कधी आवर घालत नसे. काका रोज संध्याकाळी काम आटोपून काकूंना भेटायला जायचे तेव्हा दार उघडतानाच ती सुरू व्हायची. भावोजी, साऱ्या गावाला संडास दिलेत, माझ्या ताईलाच तेवढं विसरलात. काका पायपुसण्यावर बूट पुसत राहायचे. खोटं काही नव्हतं.

आत काकू पाहुण्यांच्या खोलीत, दार अर्धं लोटून बसलेल्या असायच्या. शिवणयंत्र नव्हतं, मांडीवर कापड नव्हतं. स्वतःच्या कपाच्या दांडीला त्यांनी लाल दोरा बांधला होता. हात इतके धुवायच्या की बोटांवर भेगा पडल्या. आपल्या पोटाबद्दल त्या असं बोलायच्या जणू ते त्यांचं नव्हतंच, कुणी कुलूप तोडून आत शिरलेल्या घराबद्दल शेजाऱ्यांनी बोलावं तसं. काका सांगायचे, डॉक्टरांनी माणसांत बसायला सांगितलंय. काकू म्हणायच्या, तुम्हाला कधी कुणाचं बोलणं ऐकू आलंय का नीट. इतकी वर्षं काकांनी कुणाचं नीट ऐकलं नव्हतं, आता एकदा खरंच ऐकलं होतं तर कोण मानणार.

मुलगी झाली. इस्पितळातून घरी आणताना मुलानं वाट वाकडी करून टॅक्सी मावशीच्या दाराशी थांबवली. सून खाली गाडीतच बसली, तो बाळाला दुपट्यात घेऊन जिना चढू लागला. काकू वर दारात उभ्या होत्या. मधल्या वळणावर तो आला तसा त्यांनी हात पुढे केला, घ्यायला नाही, थांबवायला. "तिथूनच दाखव."

त्यानं दुपट्याचं टोक बाजूला केलं. काकूंनी वाकून, मान लांब करून पाहिलं. जिन्यात उजेड कमी होता.

"नाक कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"बाबांचं."

"अरे देवा," काकू म्हणाल्या.

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या काकांना हसणं अपेक्षित होतं. इतक्या वर्षांत या नाकावर त्या निदान हजारदा हसल्या असतील. काकांनी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं. खांदे हलले नाहीत. मुलगा खाली गेला, टॅक्सी गेली, काकू आत जाऊन हात धुवायला लागल्या. नळाचा आवाज काका बराच वेळ ऐकत राहिले.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि एका गाडीत हे मावायचं नाही असं पाहून दुसरी आणायला गेला. वर्षानुवर्षं तो या खोलीवर डोळा ठेवून होता आणि दर वेळी हात हलवत परत गेला होता, त्यामुळे त्याला वाटलं काका आजारी आहेत. मुलालाही तसंच वाटलं. काका दारात उभे राहून एकेक नळ त्याच्या हातात देत होते आणि हा कुठला ते सांगत होते. हा पोस्टाच्या जुन्या इमारतीतला. हा एका बाईच्या आंघोळीच्या घरातला, ती गायची फार छान. भंगारवाल्यानं शेवटी विनंती केली की काका, तुम्ही जरा आत जाऊन बसा, मी भरतो. काका आत जाऊन बसले आणि आवाजावरून कुठला नळ गेला ते ओळखत राहिले.

खोली रिकामी झाल्यावर ती केवढी आहे ते पहिल्यांदाच दिसलं. एक खिडकीही निघाली. ती आहे हे सगळे विसरले होते.

मग काकांनी कामाला हात घातला. दुसऱ्यांची कामं पुढे ढकलली, जे कधी केलं नव्हतं. जमीन फोडली, अंगणाखालच्या मैल्याच्या मोठ्या पाईपपर्यंत चर खणला, उतार पुन्हा पुन्हा मोजला. जास्त उतार दिला तर पाणी पुढे पळतं आणि नको ते मागे राहतं, कमी दिला तर दोन्ही राहतं. जोड द्यायच्या दिवशी वरच्या सगळ्या मजल्यांवर निरोप आला की आज दुपारी कुणी फ्लश ओढू नये. इमारतीनं ती दुपार पोट आवळून काढली. माझ्या शेजारचे सद्गृहस्थ दर थोड्या वेळानं जिन्यातून ओरडून विचारत होते, झालं का हो. काका खालून ओरडत, धीर धरा. अखेर झालं म्हणून आवाज आला आणि सगळ्या मजल्यांवरून एकदम जो धबधबा खाली गेला तो ऐकून काका खड्ड्यात उभे राहून हसले. जोड टिकला.

कमोड निवडायला ते दुकानात गेले तेव्हा प्रत्येकावर बसून, डोळे मिटून पाहिलं. दुकानदार ओळखीचा होता तरी त्यानं इतर गिऱ्हाइकांकडे पाठ फिरवली. घेतला तो रुंद, जरासा उंच, टाके घातलेल्या बाईला उठता-बसता त्रास होऊ नये असा. भिंतीला धरायला दांडा लावला. खिडकीखाली फळी ठोकली. सुनेनं विचारलं, फळी कशाला? काका म्हणाले, तिच्या कपाला.

पाणी जोडायचं शेवटी राहिलं होतं. हात धुवायचा नळ त्यांनी स्वयंपाकघराच्या बाजूनं घेतला. राहिली फक्त फ्लशची टाकी. त्या खोलीच्या भिंतीत दोन पाईप टोपणं लावून बंद करून ठेवलेले होते. घर घेतलं तेव्हा त्यांनी स्वतःच टाकून ठेवलेले, कधी न वापरलेले. त्यांचा जन्माचा शिरस्ता होता, गरम डावीकडे, थंड उजवीकडे. जोडकामासाठी पाणी तापवायचा बॉयलर बंद होता, म्हणून हात लावला तर दोन्ही सारखेच गार. सळईला थंड आणि गरम यांतला फरक कळत नाही. काकांनी तरुणपणच्या स्वतःवर विश्वास ठेवून उजवा पाईप टाकीला जोडला.

तरुणपणच्या काकांनी ते पाईप टाकले त्या दिवशी नवी नवरी शेजारी उभी राहून काहीतरी गंमत सांगत होती. आणि त्या काळी काका तिचं ऐकत असत.

त्यांनी टाकी भरली, फ्लश दाबून पाहिला, थेंब गळत नव्हता. टाकी पुन्हा भरली. बॉयलर पेटवला, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. काकू ऐकेनात. मी नुसतं बघून परत येईन, म्हणाल्या. धाकटीही निघाली, कारण भावोजींनी काय बांधलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

मागच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. सून बाळाला घेऊन लांब, स्वयंपाकघरात. काका उताराबद्दल सांगत होते. काकूंनी खिडकी पाहिली, दांडा पाहिला, फळी पाहिली आणि फळीवर हात फिरवला. एका हातानं त्यांनी पोटाशी उशी धरली होती. खोकला आला तर टाक्यांना आधार म्हणून इस्पितळात दिलेली. काकांनी फ्लश दाबून दाखवला. पाणी एका दमात गेलं.

"एकदा जातं हो," धाकटी म्हणाली. "दुसऱ्यांदा बघू." टाकी भरल्याचा आवाज थांबताच तिनं स्वतः दाबला.

पाणी गेलं. आणि कमोडमधून पांढरी, दाट, संथ वाफ वर आली. ती काकांच्या धुतलेल्या सदऱ्यावरून वर चढली, खिडकीच्या काचेवर पसरली आणि धाकटीच्या चष्म्यावर बसली.

काका खाली वाकून पाहत होते. डावा, उजवा, असं त्यांचे ओठ पुटपुटत होते.

धाकटीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "भावोजी," ती शांतपणे म्हणाली, "यात चहा टाकायचा की सूप?"

काकूंचे खांदे हलले. आधी आवाज नाही. मग उशी घट्ट धरून त्या दांड्याला टेकल्या, अगं दुखतंय, दुखतंय, नको, असं काहीसं म्हणाल्या आणि तो बारीक सूर निघाला. त्यानंतर जे सुटलं ते तिसऱ्या मजल्यावर आम्ही ऐकलं. माझ्या शेजारच्यांनी दार उघडलं, मी माझं उघडलं, आणि आम्ही दोघं जिन्यात उभे राहून कारण न कळता हसत सुटलो. खाली काकू परत आल्या होत्या.

काका शरमून गेले होते. त्यांनी पाना घेतला. आत्ता बदलतो म्हणाले, दोन मिनिटांचं काम. काकूंनी त्यांना बाहेर लोटलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ गेला. बाहेर सगळे ताटकळत उभे.

"अहो," आतून आवाज आला.

"काय गं?"

"खालून ऊन ऊन येतंय."

"हो, चुकलंय. तू ये बाहेर, मी बदलतो."

"हात लावलात तर धाकटीकडे जाईन परत."

त्या परत गेल्या नाहीत. पण घरात असूनही त्या पाहुण्यासारख्या राहू लागल्या. जेवायला दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, ताट मांडीवर. लाल दोऱ्याचा कप वेगळा विसळायच्या. बाळ रडलं की उठून उभ्या राहायच्या आणि पुन्हा बसायच्या. सुनेनं दोनदा म्हटलं, आई, घ्या ना. नंतर तिनं म्हणायचं सोडलं. जन्माला आलेल्या नातीला त्या अजून खोलीच्या रुंदीएवढ्या अंतरावरूनच ओळखत होत्या. मोठा, आनंदी, उबदार संडास बांधूनही ते अंतर काकांना मोडता येत नव्हतं. त्याला पाईप कुठून टाकायचा ते त्यांना कळेना.

ते मोडलं घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंनी. इस्पितळातून सुटलेल्यांना बघायला त्या यायच्या. बाई अंगानं रुंद, आवाजानं त्याहून. त्यांनी टाके पाहिले, नवा संडास पाहिला आणि काकांची तारीफ केली. मग नजर त्या कपावर गेली. हे काय? काकूंनी सांगितलं. बाईंनी कात्री काढून दोरा कापला आणि कप इतर कपांत नेऊन ठेवला. म्हणाल्या, ते काही तुमच्या श्वासातून उडत नाहीत, धुतलेल्या कपात बसून राहत नाहीत. हातावरून जातात. आणि हात तर तुम्ही सोलून काढलेत. जरा मलम लावत जा, भेगा राहिल्या तर त्यांतच घाण बसेल. चला, माझ्यासमोर धुवा बघू.

काकू शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहून धुवू लागल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. बाईंनी पाहिलं, स्वच्छ पंचा दिला. मग सुनेच्या हातातून बाळ उचललं आणि बुटाची नाडी बांधताना आपण शेजारच्याला पिशवी धरायला देतो तसं, न विचारता, काकूंच्या हातात ठेवलं.

"धरा जरा," त्या म्हणाल्या आणि खरंच आपली पिशवी आवरू लागल्या.

काकू हलल्या नाहीत. बाळानं त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि नुकतंच प्यालेलं दूध त्यांच्या पदरावर काढलं.

"घ्या," नर्सबाई म्हणाल्या, "आता तिलाच हात धुवायला सांगा."

त्या दिवसापासून काकू टेबलाशी बसू लागल्या. पडदे पुन्हा मांडीवर आले, बाळ पायाशी टोपलीत. संडास मात्र त्यांचा एकटीचाच राहिला, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. आणि थंडी पडली.

त्या वर्षीची थंडी बोचरी होती. जुन्या संडासात बसणं म्हणजे शिक्षा होती. मुलगा तिथून बाहेर यायचा तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेलेला असायचा. पलीकडे काकू सकाळी शाल पांघरून, चहाचा कप घेऊन आपल्या खोलीत जायच्या आणि आतून गुणगुणणं ऐकू यायचं. मुलानं एकदा विनवून पाहिलं. आई, एकदाच. काकू गंभीर चेहरा करून म्हणाल्या, माझ्या जिवाला बरं वाटलं असतं रे, पण जंतू आहेत ना. धाकटी पूर्वी महिन्यातून एकदा यायची, ती आता वरचेवर येऊ लागली आणि मागच्या खोलीकडे बघून उसासे टाकू लागली. दोन चकचकीत न्हाणीघरांची मालकीण, पण ऊब एकातही नव्हती. गोष्ट इमारतभर झाली. माझ्या शेजारच्यांनी काकांना गाठून विचारलं की तशीच चूक आमच्याकडे करून द्याल का. काका संतापले. एवढ्या वर्षांत एक काम चुकलं, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं.

अधूनमधून तपासणीसाठी शौचाची डबी इस्पितळात जायची आणि निरोप यायचा. पहिला आला, अजून आहेत. त्या दिवशी काकू मागच्या खोलीत जरा जास्त वेळ बसल्या. गुणगुणणं नव्हतं. दुसराही तसाच आला तेव्हा पडद्याला चुण्या घालता घालता म्हणाल्या, असू दे. भाडं देत नाहीत, पण भांडतही नाहीत. त्यांना खोकला झाला तेव्हा धाकटीनं स्वतःकडच्या उरलेल्या गोळ्या आणल्या, दातांच्या डॉक्टरांच्या वेळच्या, एकदम जबरदस्त. काकूंनी त्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. माझी माणसं आत्ता कुठे परत राहायला येतायत, म्हणाल्या, त्यांना पुन्हा उठवू नकोस. नर्सबाईंनी सांगितलं की या गोळ्यांनी खोकला जायचा नाहीच. तो नुसत्या गरम पाण्यानं आणि धीरानं गेला.

थंडी अजून ओसरायची होती तेव्हा एका दुपारी काकांना रस्त्यात नर्सबाई भेटल्या. सायकल थांबवून म्हणाल्या, काय हो, पेढे कधी? काकांना कळेना. बाई म्हणाल्या, दोन तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या ना, मी स्वतः फोनवर सांगितलं काकूंना, गेल्याच आठवड्यात. केवढ्या खूश झाल्या. पुन्हा कधी दाखल व्हायची वेळ आली तर सांगा म्हणजे झालं, बाकी आता कुठलाही संडास कुणीही वापरा. आणि घंटी वाजवत गेल्या.

काका तिथंच उभे राहिले. मग घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. काकू वाढत होत्या, कडेवर नात. मुलगा नुकताच जुन्या संडासातून आला होता आणि तळहात चोळत होता.

"आई, या वेळचा निरोप नाही का आला?" सुनेनं विचारलं.

"त्यांचं काय," काकू भात वाढत म्हणाल्या, "लागतो वेळ."

काकांनी मान वर केली. काकूंचा चेहरा इतका साळसूद होता की तो पाहणाऱ्यानं लबाडी लगेच ओळखावी. काकांना सगळं ऐकू आलं, जे बोललं गेलं तेही आणि जे नाही तेही. घास गिळून ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्याच होत्या. कधीकधी वर्षसुद्धा लागतं."

काकूंच्या हातातला डाव जागीच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला. मागून भांडी आवरताना काकांच्या शेजारी उभ्या राहून, बाळाच्या टाळूवर ओठ ठेवून, हळू आवाजात बोलल्या.

"रविवारी सकाळी तुम्ही जात जा. बाकीच्यांना उन्हाळा लागला की सांगू."

रविवारी सकाळी सून दूध तापवत असताना काका हातात पाना घेऊन, टाकीत काहीतरी बघायचंय असं पुटपुटत मागच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. दूध तापलं, निवलं, बाळानं ते पिऊन संपवलं. सुनेनं दाराशी जाऊन विचारलं, बाबा, सापडलं का काय ते?

"शोधतोय," आतून उत्तर आलं.